नशा आणि मेंदूचा ऊर्जाव्यवहार

दमणगंगेच्या काठी अथाल, नरोली, सिल्वासा या परिसरात वैद्यकव्यवसाय करीत असताना एक प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून ऐकावा लागतो. कधी तो महाविद्यालयातून सुट्टीवर आलेला एखादा तरुण विचारतो, कधी कारखान्यातील पाळीचा पर्यवेक्षक, तर कधी काळजीत पडलेली आई. "व्यसन लागले की माणूस वाया जातो, हे आम्हाला कळते, पण एखाद्या वेळी गंमत म्हणून घेतले, तर मेंदूला नेमके काय होते?" हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि 'नशा वाईटच' एवढ्या उपदेशाने त्याचे समाधान होत नाही. गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत मेंदूच्या ऊर्जाव्यवहारावर जे संशोधन झाले, त्यातून या प्रश्नाचे बरेच स्पष्ट उत्तर मिळते. ते उत्तर समाजातील सर्वसामान्य वाचकांना समजेल अशा भाषेत मांडावे, आणि व्यवसायबंधूंनाही रात्री-अपरात्री येणाऱ्या रुग्णाच्या वेळी त्यातील काही गोष्टी उपयोगी पडाव्यात, या दुहेरी हेतूने हा लेख लिहीत आहे.

मेंदूचे पोट हातावर

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के. परंतु विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जितका प्राणवायू वापरते, त्यापैकी सुमारे २० टक्के एकटा मेंदू घेतो. दिवसाकाठी त्याला १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. यातील मोठा खर्च चेतापेशींच्या आवरणाच्या आतबाहेर सोडियम व पोटॅशियम यांचे प्रमाण राखण्यावर होतो. एका चेतापेशीने दुसरीला संदेश दिला की हे क्षार आपली जागा सोडतात, आणि त्यांना पुन्हा जागेवर नेऊन ठेवण्यासाठी ए.टी.पी. नावाचे ऊर्जेचे चलन मोजावे लागते. हे चलन पेशींतील तंतुकणिका नावाच्या सूक्ष्म वीजघरांत, ग्लुकोज आणि प्राणवायू यांच्या साहाय्याने तयार होते.

यकृत साखरेचा साठा करते, स्नायूही करतात आणि अंगावरची चरबी तर कित्येक आठवडे पुरते. मेंदूजवळ मात्र असे कोठार नाही. तारकापेशी नावाच्या त्याच्या साहाय्यक पेशींत ग्लायकोजेनचा अल्पसा साठा असतो, तो काही मिनिटांपलीकडे पुरत नाही. रक्तप्रवाह पूर्ण थांबला तर पाच-दहा सेकंदांत शुद्ध हरपते आणि चार-पाच मिनिटांनंतर कायमची हानी होऊ लागते. रोज कमवावे तेव्हा रोज चूल पेटावी अशी ज्या घराची स्थिती असते, त्या घराचे पोट हातावर आहे असे आपण म्हणतो. सर्व शरीरावर सत्ता चालविणाऱ्या मेंदूचे पोट असेच हातावर आहे.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. हृदयाला प्राणवायू कमी पडला तर बहुधा छातीत कळ येते आणि माणूस सावध होतो. मेंदू उपाशी राहिला तर त्याला कळ येत नाही. तो आधी बरळतो, मग गोंधळतो आणि अखेर झोपी जातो. ही झोप आणि साधी झोप यांतील फरक भोवतालच्या माणसांना ओळखू येत नाही, आणि नशेतील अनेक मृत्यू याच अज्ञानातून घडतात. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

हे मोजले कसे?

जिवंत आणि जाग्या माणसाच्या मेंदूचा रक्तप्रवाह व प्राणवायूचा खर्च मोजण्याची पहिली खात्रीची रीत अमेरिकेतील सेमूर केटी आणि कार्ल श्मिट यांनी १९४० च्या दशकात बसविली. गंमत अशी की, त्यासाठी त्यांनी नायट्रस ऑक्साइड, म्हणजे लोक ज्याला 'हसविणारा वायू' म्हणतात तोच, अल्प प्रमाणात हुंगविला होता. पुढे लुई सोकोलॉफ यांनी १९७७ मध्ये डीऑक्सीग्लुकोजची पद्धत प्रसिद्ध केली. हा पदार्थ साखरेसारखा दिसतो, म्हणून भुकेली पेशी त्याला आत घेते. पण पुढे पचवू शकत नाही, आणि तो तेथेच अडकून राहतो. त्याला किरणोत्सारी खूण लावली की मेंदूचा कोणता भाग किती 'जेवतो' हे कळते. याच तत्त्वावर माणसासाठी पेट स्कॅनची तपासणी उभी राहिली. आपल्या देशातील पहिले पेट यंत्र २००२ मध्ये मुंबईत परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाले, ही मराठी वाचकांना अभिमानाची वाटावी अशी गोष्ट आहे.

या तंत्राने नशेच्या पदार्थांविषयीचा एक मोठा भ्रम दूर केला. कोकेन घेतलेल्या माणसाला आपली बुद्धी तल्लख झाल्यासारखे वाटते. म्हणजे मेंदू अधिक काम करीत असला पाहिजे, असा आपला तर्क. परंतु १९९० मध्ये एडिथ लंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोकेन दिल्यानंतरचा ग्लुकोजचा वापर मोजला, तेव्हा तो सरासरी सुमारे १४ टक्क्यांनी घटलेला आढळला. मॉर्फिननेही त्याच प्रकारची, सुमारे १० टक्क्यांची घट दाखविली. दारूच्या बाबतीतही हेच चित्र दिसते. तरतरी वाटणे आणि मेंदू नीट चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरातील दिवे मंद झालेले असताना एकच खोली झगमगावी, तसा हा प्रकार होय.

आता निरनिराळे पदार्थ मेंदूच्या या हातावरच्या पोटाला कसे मारतात ते पाहू. सोयीसाठी मी त्यांचे चार गट करतो: पुरवठा तोडणारे, खर्च वाढविणारे, वीजघर बंद पाडणारे आणि इंधन बदलणारे. एकच पदार्थ दोन गटांतही बसू शकतो, हे व्यवसायबंधू जाणतातच.

१. पुरवठा तोडणारे : अफूचे वंशज

अफू, हेरॉइन, गर्द, कोडीनयुक्त खोकल्याची औषधे आणि ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्या हे सारे एका कुळातले. लंबमज्जेतील श्वसनकेंद्राची संवेदना ते बोथट करतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की श्वास घ्यावा, हा निसर्गाचा नियम त्या केंद्राला ऐकू येईनासा होतो. श्वास मिनिटाला आठ, सहा, चार असा उतरत जातो. माणूस शांत घोरतो आहे असे सोबत्यांना वाटते, आणि मेंदूचा प्राणवायू संपत असतो. त्यात दारूची किंवा झोपेच्या गोळ्यांची भर पडली तर धोका अनेक पटींनी वाढतो.

१९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्दची लाट आली, तेव्हाच्या स्थितीचे चित्र अनिल अवचट यांनी 'गर्द' या पुस्तकात मांडले. त्यातूनच १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने आणि पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाच्या देणगीने पुण्यात 'मुक्तांगण' उभे राहिले. व्यसनी माणूस गुन्हेगार नसून रुग्ण आहे, हा विचार महाराष्ट्रात रुजविण्यात या संस्थेचा वाटा मोठा आहे.

गर्द बहुधा पन्नीवर तापवून त्याची वाफ ओढली जात असे. सुई नाही म्हणजे धोका कमी, अशी ओढणाऱ्यांची समजूत होती. परंतु १९८२ मध्ये नेदरलँड्समधील डॉक्टरांनी अशा वाफ ओढणाऱ्या रुग्णांत मेंदूच्या श्वेतभागाला स्पंजासारखी छिद्रे पडण्याचा एक भयंकर विकार वर्णन केला. आधी बोलणे अडखळते, मग तोल जातो, आणि काही रुग्ण अंथरुणाला खिळून दगावतात. अशा रुग्णांच्या मेंदूत पुढे लॅक्टेटचे प्रमाण वाढलेले आढळले. तंतुकणिका नीट काम करीत नाहीत, याचीच ती खूण मानली जाते. म्हणजे पुरवठा तोडणारा हा पदार्थ तापविलेल्या रूपात वीजघरावरही घाला घालतो.

२. खर्च वाढविणारे : एम.डी. आणि एक्स्टसी

मार्च २००७ मध्ये पुण्याजवळ सिंहगडाच्या पायथ्याशी डोणजे येथे पोलिसांनी छापा घालून अडीचशेहून अधिक तरुण-तरुणींना ताब्यात घेतले, तेव्हा 'रेव्ह पार्टी' हा शब्द मराठी घरांत प्रथम पोहोचला. त्यानंतर काही वर्षांनी मेफेड्रोन आले. मुंबईच्या गल्ल्यांत ते 'एम.डी.' किंवा 'म्याव म्याव' या नावाने विकले जाऊ लागले. आरंभी कायद्याच्या यादीत नसल्याने ते स्वस्त आणि 'बेकायदेशीर नसलेले' म्हणून खपले. फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने त्याचा अंमली पदार्थविरोधी कायद्यात समावेश केला. तरीही त्याचा प्रसार थांबला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीपासून दिल्लीपर्यंत माग काढीत १७०० किलोंहून अधिक मेफेड्रोन पकडले. वापीच्या औद्योगिक वसाहतीतही २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने असा एक कारखाना उघडकीस आणला. वापी आपल्या उंबरठ्यावर आहे, हे वेगळे सांगावयास नको.

मेफेड्रोन आणि एक्स्टसी चेतापेशींतील डोपामाइन व सिरोटोनिन हे साठवलेले चेतापारेषक एकदम बाहेर लोटतात. त्यामुळे उत्साह आणि जवळीक वाटते. पण ते परत आत घेणे, नवे तयार करणे आणि पेशींचा विद्युतभार पूर्ववत करणे हा सारा खर्च मेंदूला नंतर भरावा लागतो. नाडी वाढते, रक्तदाब चढतो, रक्तवाहिन्या आकसतात. खर्च वाढतो त्याच वेळी पुरवठ्याची वाट अरुंद होते. मेफेड्रोनचा अंमल लवकर ओसरतो. त्याचे रक्तातील प्रमाण साधारण दोन तासांत निम्मे होते. म्हणून माणूस एका रात्रीत ते पुन्हा पुन्हा घेतो, जेवत नाही, झोपत नाही, आणि कर्जावर कर्ज चढत जाते.

एक्स्टसीचा सर्वांत घातक परिणाम म्हणजे अंगाचा ताप. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्नायूंच्या तंतुकणिकांतील एका विशिष्ट प्रथिनाचा यात मोठा हात असल्याचे उंदरांत दिसून आले. या प्रथिनामुळे इंधन जळते, पण ए.टी.पी. तयार होण्याऐवजी नुसती उष्णता बाहेर पडते. धरणाचे पाणी जनित्रावर न पडता बाजूच्या दरवाजातून वाहून जावे, तसे हे घडते. बंद, गर्दीच्या जागी तासन् तास नाचणाऱ्या माणसाचे तापमान ४१-४२ अंशांपर्यंत चढू शकते. स्नायू विरघळतात, मूत्रपिंडे बंद पडतात, फिट्स येतात. यावर उपाय म्हणून भरमसाट साधे पाणी पिणारे काही जण रक्तातील सोडियम उतरल्यामुळे दगावले आहेत. येथे 'पहिलीच वेळ होती' या सबबीला काहीही किंमत नाही. तापमान वाढण्यासाठी व्यसन जडण्याची वाट पाहावी लागत नाही.

३. वीजघर बंद पाडणारे : कॅलिफोर्नियाचा धडा

१९८२ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातील रुग्णालयांत काही तरुण व मध्यमवयीन रुग्ण दाखल झाले. ते पुतळ्यासारखे ताठ होते. बोलता येत नव्हते, हलता येत नव्हते. परंतु शुद्ध शाबूत होती. साठी-सत्तरीत होणाऱ्या कंपवाताची ही पराकोटीची अवस्था एकाएकी कशी झाली, हे कोडे चेतारोगतज्ज्ञ विल्यम लँगस्टन यांनी सोडविले. त्या सर्वांनी घरगुती प्रयोगशाळेत बनविलेले 'कृत्रिम हेरॉइन' टोचून घेतले होते. ते बनविताना झालेल्या चुकीमुळे त्यात एम.पी.टी.पी. नावाचा एक उपपदार्थ तयार झाला होता. १९८३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला.

पुढील संशोधनातून जे उलगडले ते थरारक आहे. एम.पी.टी.पी. मेंदूत शिरते आणि तेथील एक विकर त्याचे विषात रूपांतर करते. हे विष डोपामाइन परत आत घेणाऱ्या दारातूनच त्या पेशींत प्रवेश मिळविते, आणि तंतुकणिकांतील ऊर्जानिर्मितीच्या साखळीची पहिली कडी बंद पाडते. वीजघर बंद पडले की पेशी मरते. मेलेली चेतापेशी परत येत नाही. कंपवात आणि तंतुकणिका यांच्या संबंधाविषयीचे आजचे बरेचसे ज्ञान या दुर्घटनेतून सुरू झाले, हे विज्ञानाचे भाग्य. परंतु त्या रुग्णांचे ते दुर्भाग्यच.

ही दूरदेशीची कथा मी मुद्दाम सांगतो, कारण आपण रासायनिक कारखान्यांच्या पट्ट्यात राहतो. आपल्या समाजातील अनेक कुटुंबे याच उद्योगांवर उभी आहेत. प्रक्रियेत तापमान थोडे चुकले तर काय निघते, शुद्धतेची तपासणी न करता माल बाहेर गेला तर काय होते, हे आपल्या घरातील रसायन-अभियंत्यांना कोणी शिकवावयास नको. औषध-कारखान्यात प्रत्येक घाण्याची चाचणी होते. लपूनछपून बनविलेल्या पुडीची चाचणी घेणाऱ्याच्या मेंदूवर होते.

४. इंधन बदलणारी : दारू

आता आपल्या परिसरात सर्वांत अधिक आढळणाऱ्या नशेकडे वळू. शेजारी गुजरातेत १९६० पासून दारूबंदी आहे आणि दादरा व नगर हवेलीत दारू खुली आहे. आदिवासी पाड्यांत ताडीची परंपरा आहे, आणि कारखान्यांभोवतीच्या खोल्यांत घरापासून दूर राहणारा एकटा कामगार आहे. दारू कायदेशीर आहे म्हणून ती 'ड्रग' नव्हे, असे पुष्कळांना वाटते. मेंदूला हा भेद कळत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार १० ते ७५ या वयोगटातील १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात.

दारूचे यकृतात ॲसिटेट होते. नशेच्या अवस्थेत मेंदूचा ग्लुकोजचा वापर घटतो आणि ॲसिटेटचा वापर वाढतो, असे २०१३ मध्ये नोरा व्होल्कोव्ह व इतर संशोधकांनी दाखविले. जुन्या मद्यपीचा मेंदू या बदली इंधनाला सरावतो. दारू एकाएकी थांबली की हे इंधनही आटते. दारू सोडताना होणाऱ्या त्रासाचे हे एक कारण असावे, असा विचार त्यातून पुढे आला आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात दारू सोडणाऱ्या रुग्णांना किटोन वाढविणारा आहार दिला असता औषधांची गरज कमी भासली. ही दिशा आशादायक आहे. मात्र हा घरगुती उपाय समजू नये.

व्यवहारात याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी आहेत. पहिली, रिकाम्या पोटी प्यायलेली दारू. दारू पचविताना यकृताची नवी साखर तयार करण्याची शक्ती खुंटते. दिवसभर उपाशी राहून रात्री प्यायलेल्या माणसाच्या रक्तातील साखर पहाटेपर्यंत धोक्याच्या खाली जाते. रात्रपाळी करून आलेल्या एका तरुण कामगाराला खोलीतील सोबत्यांनी "उतरेल सकाळपर्यंत" म्हणून झोपू दिले. दुपारी त्याला माझ्याकडे आणले तेव्हा रक्तशर्करा २६ होती. शिरेतून ग्लुकोज दिले, मोठ्या रुग्णालयात पाठविले, जीव वाचला. परंतु पूर्वीची स्मरणशक्ती त्याला परत मिळाली नाही. दारूचा वास येत होता, म्हणून सर्वांना कारण ठाऊक असल्यासारखे वाटले होते.

दुसरी गोष्ट थायामिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व. ग्लुकोज तंतुकणिकांत जळण्यासाठी जी विकरे लागतात, त्यांतील काही थायामिनवाचून चालत नाहीत. शरीरातील त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो. नियमित पिणारा माणूस जेवत नाही, आणि जे खातो त्यातील थायामिन दारू आतड्यांतून शोषू देत नाही. मग चूल आहे, लाकूड आहे, पण काडी नाही अशी अवस्था होते. यातूनच कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये वर्णिलेला विकार उद्भवतो: गोंधळ, डोळ्यांच्या हालचालीत दोष आणि तोल जाणे. ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसणारे रुग्ण शेकडा १६ च्या आसपास असतात, हे व्यवसायबंधूंनी विसरू नये. उरलेले 'दारू प्यायला आहे' या शेऱ्याखाली निसटतात आणि पुढे कायमच्या स्मृतिनाशाचे बळी होतात. म्हणून मद्यपी रुग्णाला ग्लुकोज देताना आधी किंवा सोबत शिरेतून थायामिन द्यावे. मात्र साखर धोक्याइतकी उतरलेली असेल तर थायामिन हाताशी नाही म्हणून ग्लुकोज थांबवू नये. ही काही रुपयांची कुपी प्रत्येक दवाखान्यात असावी, असा माझा आग्रह आहे.

गांजा आणि मुलांची नशा

गांजा 'नैसर्गिक' आहे, म्हणून तरुणांना तो निरुपद्रवी वाटतो. गांजातील द्रव्य ज्या ग्राहकांवर काम करते, ते चेतापेशींच्या आवरणावरच नव्हे तर तंतुकणिकांवरही असतात, असे २०१२ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले. तेथे ते ऊर्जानिर्मिती मंदावते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तारकापेशींमधील हेच ग्राहक चेतापेशींना मिळणारे लॅक्टेट कमी करतात आणि त्यामुळे उंदरांचे परस्परांतील वागणे बदलते, असे आढळले. माणसांच्या बाबतीत किशोरवयात नियमित गांजा ओढणाऱ्यांना मनोविकृतीचा धोका वाढतो, हे अनेक पाहण्यांतून स्पष्ट झाले आहे. मेंदूची बांधणी पंचविशीपर्यंत चालू असते. बांधकाम चालू असताना पाया हलवू नये, हे सांगावयास वैद्य कशाला हवा?

पंक्चरचे सोल्यूशन, थिनर, व्हाइटनर हुंगणे ही मुलांची नशा. उपरोक्त राष्ट्रीय पाहणीत हुंगण्याच्या पदार्थांचा वापर प्रौढांत ०.५८ टक्के, तर मुलांत १.१७ टक्के आढळला. प्रौढांपेक्षा मुलांत अधिक असलेली नशा हीच एक. यातील टोल्युइन चेतातंतूंवरील मेदयुक्त वेष्टण झिजविते. शिवाय ते हृदयाला ॲड्रेनॅलिनबाबत अतिसंवेदनशील करते. अशा अवस्थेत मूल घाबरले किंवा जोराने धावले तर हृदय अचानक थांबू शकते. म्हणून हुंगताना मूल आढळले तर ओरडू नये, पाठलाग करू नये. शांतपणे त्याला मोकळ्या हवेत बसवावे. रागवायचे ते नंतर.

मेंदू सावरतो काय?

येथवर वाचून निराश होण्याचे कारण नाही. २००१ मध्ये व्होल्कोव्ह यांच्या चमूने मेथॲम्फेटामीन सोडलेल्या रुग्णांचे मेंदू वर्षभराहून अधिक काळानंतर पुन्हा तपासले. डोपामाइन वाहून नेणाऱ्या प्रथिनांची संख्या बरीचशी पूर्ववत झाली होती. मेंदूच्या काही भागांतील ग्लुकोजचा वापरही सुधारतो, असे २००४ च्या अभ्यासात दिसले. स्मरण व हालचालींच्या चाचण्यांतील प्रगती मात्र तितकी नव्हती. याचा अर्थ असा की सुधारणा होते, पण ती महिन्यांच्या हिशेबाने होते. पहिल्या पंधरा दिवसांत मुलगा पूर्वीसारखा हसत नाही म्हणून आईवडिलांनी धीर सोडू नये. त्याचा मेंदू कर्ज फेडत असतो.

आपण काय करावे?

वरील विवेचनाचा व्यवहारात उपयोग व्हावा म्हणून काही सूचना करतो.

१) नशेत झोपलेल्या माणसाला हाक मारून, हलवून पाहावे. तो जागा होऊन नीट उत्तर देत नसेल, श्वास मिनिटाला दहाहून कमी असेल, ओठ निळसर असतील, किंवा अंग भाजत असेल, तर ती झोप नव्हे. त्याला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, एकटे सोडू नये आणि १०८ क्रमांकाला फोन करावा. लिंबू, ताक, थंड आंघोळ, ओकारी काढणे यांत वेळ दवडू नये.

२) काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगावे. उरलेली पुडी किंवा गोळीचे पाकीट सोबत आणावे. आम्हाला ते उपचारासाठी हवे असते. पोलिसांच्या भीतीने सोबती पळून जातात आणि एक वाचण्याजोगा जीव जातो.

३) व्यवसायबंधूंनी शुद्ध हरपलेल्या प्रत्येक रुग्णाची रक्तशर्करा, प्राणवायूची पातळी आणि तापमान प्रथम पाहावे, मग दारूचा वास येवो वा न येवो. बाहुल्या टाचणीएवढ्या आणि श्वास मंद असेल तर नॅलोक्सोन द्यावे. त्याचा अंमल लवकर ओसरतो, म्हणून रुग्णावर पुढे काही तास लक्ष ठेवावे. अंग तापले असेल तर पाणी व पंख्याने ताबडतोब थंड करावे. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही.

४) कोडीनची औषधे आणि ट्रॅमाडॉल चिठ्ठीवाचून देऊ नयेत, अशी आपल्या औषधविक्रेत्या बंधूंना विनंती आहे. एप्रिल २०१८ पासून ट्रॅमाडॉल अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे.

५) अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, सेवन केल्याचा किंवा अल्प प्रमाणात बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस आपणहून शासनमान्य रुग्णालयात उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार मात्र पूर्ण करावे लागतात. ही माहिती पुष्कळ पालकांना नसते.

६) व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय दूरध्वनी सेवा आहे आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ ही 'टेली-मानस' सेवा. दोन्ही विनामूल्य आहेत.

'एखाद्या वेळी घेतले तर काय होते?' या प्रश्नाचे माझे उत्तर आता असे आहे. बहुतेक वेळा सकाळी जाग येते, आणि म्हणूनच लोकांचा विश्वास बसतो. परंतु ज्या इंद्रियाजवळ काही मिनिटांचीही शिल्लक नाही, त्याच्या पुरवठ्याशी केलेला खेळ कोणत्या रात्री चुकेल हे घेणाऱ्याला, विकणाऱ्याला आणि बनविणाऱ्यालाही ठाऊक नसते. ही मौज किती खर्चाची आहे, हे त्या रात्रीनंतरच कळते.

कायदा, पोलीस आणि रुग्णालये आपापले काम करतील. समाज म्हणून आपल्या हाती जे आहे, ते त्याहून साधे आहे. आपल्या इमारतीत, आपल्या कारखान्याच्या खोल्यांत, आपल्या मंडळाच्या सहलीत कुणी नशेत आडवा झाला, तर 'पडू दे, उतरेल' हे शब्द तोंडून निघू नयेत. त्याच्याजवळ बसावे, श्वास मोजावा, आणि शंका आली की क्षणही न घालविता मदत मागवावी. लाज आणि राग यांना दुसऱ्या दिवशी पुष्कळ वेळ मिळतो.